चिंच, राख आणि क्रोम : येवल्याच्या टांग्यापासून सुरू होणारा चकाकीचा इतिहास

१/
येवल्याच्या मंगळवारच्या आठवडे बाजाराला घोड्यांच्या खरेदी-विक्रीची जुनी परंपरा आहे. घोडा घेणारा दात पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो. टांगा समोर आला, की नजर प्रथम जाते ती पितळेवर: दिव्यांवर, चाकाच्या तुंब्यावरील टोपीवर, साजाच्या कड्यांवर आणि घोड्याच्या गळ्यातील घुंगुरमाळेवर. पितळ लखलखत असेल, तर मालक टांग्याची निगा राखतो, हे न बोलता कळते. हा धागा त्या लखलखाटाचा आहे. वाहनावरील धातू चमकत ठेवण्याचे काम कोणी केले, कशाने केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा त्याचा विषय.

२/
येवल्यातून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये खुला झाला. रेल्वे आली, तरी स्थानकापासून घरापर्यंतचा प्रवास घोड्यावाचून होत नसे. स्थानकाबाहेर उभा राहणारा टांगा हा महाराष्ट्रातील असंख्य गावांच्या स्मृतीचा भाग आहे. एकाच रांगेत उभ्या असलेल्या टांग्यांमधून उतारू एक निवडत असे. घोड्याची चपळाई त्याला लगेच कळत नसे. चकाकते पितळ मात्र दुरूनच दिसे. टांगेवाल्यासाठी चकाकी ही नुसती हौस नव्हती, दिवसाच्या कमाईचाही तो भाग होता.

३/
हे पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. जस्त मिळवणे हे प्राचीन जगातील अवघड कामांपैकी एक. धातुकातून जस्त मोकळे व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत त्याची वाफ होते. जस्त ९०७ अंश सेल्सिअसलाच उकळते. ती वाफ हवेला न लागू देता थंड करण्याची विद्या राजस्थानातील जावर येथील कारागिरांना मध्ययुगातच साधली होती. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या मांडून ते जस्त खाली ठिबकवीत. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. टांग्याच्या दिव्यावरील सोनेरी झळाळीमागे इतका लांबचा इतिहास आहे.

४/
पितळेला एक खोड आहे. ते स्वस्थ बसत नाही. हवेतील प्राणवायू, ओलावा आणि गंधकयुक्त वायू यांच्याशी त्यातील तांब्याचा संयोग होतो. आधी पिवळेपण मावळते, मग तपकिरी छटा येते, शेवटी काळपट किंवा हिरवट थर बसतो. पावसाळ्यात ही क्रिया वेगाने होते. सोमवारी घासलेले पितळ पुढल्या सोमवारी पुन्हा मलूल दिसते. पितळेची चकाकी ही एकदाच मिळवायची गोष्ट नाही. ती पुनःपुन्हा कमवावी लागते.

५/
टांग्याच्या पितळेला आणखी एक शत्रू होता, आणि तो तबेल्यातच राहत असे. घोड्याच्या मूत्रातून अमोनिया वायू सुटतो आणि तो पितळेला विशेष घातक असतो. ब्रिटिश फौजेला याचा अनुभव हिंदुस्थानातच आला. तबेल्यांत साठवलेल्या बंदुकीच्या काडतुसांची पितळी नळकांडी पावसाळ्यात आपोआप तडकू लागली. विशिष्ट ऋतूत पडणारे तडे म्हणून इंग्रजीत या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव मिळाले. नळकांडी घडवताना धातूत राहिलेला ताण आणि दमट हवेतील अमोनिया, या दोन्हींच्या एकत्र परिणामाने ते तडे पडतात, हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये स्पष्ट केले. घोडा आणि पितळ यांचा सहवास दिसतो तितका निरुपद्रवी नव्हता.

६/
यावरचा उपाय स्वयंपाकघरातच होता: चिंच, लिंबू, राख, विटेची बारीक भुकटी. चिंचेत टार्टारिक आम्ल असते आणि लिंबात सायट्रिक. ही सौम्य आम्ले धातूवरील काळा थर विरघळवतात. खालच्या धातूला फारसा धक्का लावत नाहीत. राखेचे काम दुहेरी. तिच्यातील क्षार तेलकटपणा कापतात आणि तिचे सूक्ष्म कण घासण्याचे काम करतात. देव्हाऱ्यातील समई आणि टांग्यावरील दिवा यांना एकच औषध लागू पडत असे. १९०५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रासो बाजारात आले. डब्यातील त्या द्रवाचे तत्त्व काही वेगळे नव्हते: थोडे रसायन, थोडी बारीक भुकटी आणि पुष्कळसा हात.

७/
पण घासल्याने धातू चमकतो का? उत्तर ओरखड्यांच्या आकारात आहे. धातूचा पृष्ठभाग खडबडीत असेल, तर त्यावर पडलेला प्रकाश वाटेल तिकडे विखुरतो आणि धातू निस्तेज दिसतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ओरखडे त्याहूनही उथळ झाले, की प्रकाश एकाच दिशेने परततो आणि धातूत चेहरा दिसू लागतो. म्हणून घासणारा आधी जाड भुकटी वापरतो, मग बारीक, आणि शेवटी नुसते मऊ फडके. तो ओरखडे नाहीसे करीत नाही. मोठ्या ओरखड्यांच्या जागी लहान, आणि लहानांच्या जागी डोळ्यांना न दिसणारे ओरखडे आणतो.

८/
या व्यवहारात धातूचा थोडा अंश दरवेळी निघून जातो. वर्षानुवर्षे घासलेल्या पितळी दिव्यावरील नक्षी पुसट होते, कडा बोथट होतात, कोरलेली नावे वाचता येईनाशी होतात. जिथे हात सहज पोहोचतो तिथे झीज जास्त, खोबणीत कमी. पितळी वस्तू पारखणारे या झिजेवरूनच तिचे वय आणि वापर यांचा अदमास घेतात. चकाकीबरोबर घासणाऱ्या हाताचा हिशेबही धातूवर उमटत जातो.

९/
येवल्याला दुसऱ्या प्रकारची चकाकीही ठाऊक होती, आणि ती पैठणीच्या पदरात होती. खऱ्या जरीची तार चांदीची असते. जुन्या पद्धतीत चांदीच्या कांबीवर सोन्याचा वर्ख चढवीत, ती तापवीत आणि मग पोलादी पट्टीतील लहान-लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून तारकस ती ओढत असत. चांदी केसासारखी बारीक होई आणि तिच्यावरचे सोनेही तिच्याबरोबर ताणले जाई. मग ती तार चापट करून रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळली जाई. चांदी हवेतील गंधकाने काळवंडते, सोने काळवंडत नाही. स्वस्त धातूच्या अंगावर न काळवंडणाऱ्या धातूचे पातळ पांघरूण घालायचे, हे तत्त्व येवल्याच्या कारागिरांच्या हातात होते. वाहनांच्या जगात ते पुढे वेगळ्या मार्गाने आले. मात्र तिकडे वळण्यापूर्वी टांग्याची एक कडवट बाजू पाहिली पाहिजे.

१०/
लखलखत्या टांग्यात बसण्याचा अधिकार सर्वांना सारखा नव्हता. १९२९ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात गेले होते. चाळीसगाव स्थानकाबाहेर टांगे भाड्याने मिळत होते. तरीही बाबासाहेबांना तासभर थांबावे लागले. अस्पृश्य उतारू असलेला टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. अखेर तोडगा निघाला: टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मात्र तुमचा तुम्ही आणा. वस्तीतील ज्या माणसाने लगाम हाती घेतला त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरील फरशीच्या पुलाच्या दगडांत चाक अडकले, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत पडले. हा प्रसंग त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदवला आहे.

११/
सहा वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच येवल्यात भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. त्या जागेला आज मुक्तिभूमी म्हणतात. पुढल्याच महिन्यात, नोव्हेंबर १९३५ मध्ये, अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावी काही सुस्थितीतील अस्पृश्य स्त्रियांनी पाणी आणण्यासाठी धातूची भांडी वापरायला सुरुवात केली. सवर्णांना तो आपला अपमान वाटला आणि त्या स्त्रियांवर हल्ला झाला. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये या घटनेचा उल्लेख आहे. भांडे मातीचे असले, तर कोणाला काही वाटत नव्हते. ते धातूचे झाले, तेव्हा हात उगारले गेले. चकाकणाऱ्या धातूला समाजात केवढा अर्थ होता, हे इतक्या उघडपणे सांगणारी दुसरी घटना क्वचितच सापडेल.

१२/
याच दशकांत रस्त्यावर दुसरी चकाकी दिसू लागली होती: सायकलची. अमेरिकेतील आयझॅक अ‍ॅडम्स याने १८६९ मध्ये निकेलचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि हा मुलामा कारखान्यांच्या आवाक्यात आला. लोखंडी भाग निकेलच्या द्रावणात बुडवायचा, वीज सोडायची, की द्रावणातील निकेल भागाच्या अंगावर येऊन बसते. सायकलचे हँडल, घंटी, पायडल, रिम यांवर तो पांढरट, किंचित पिवळसर झाक असलेला थर दिसू लागला. निकेल गंजत नाही, पण हवेत हळूहळू धुरकट होते. त्याला चिंच लागत नसे. फडके मात्र लागेच.

१३/
मग आला क्रोम. क्रोमियम या मूलद्रव्याचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ याने १७९७ मध्ये लावला; त्याच्या संयुगांच्या विविध रंगांमुळे त्याला रंगवाचक ग्रीक नाव मिळाले. व्यापारी पातळीवर त्याचा मुलामा देणे सव्वाशे वर्षांनंतर साधले. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांनी १९२४ च्या सुमारास ती पद्धत सिद्ध केली. दोन-तीन वर्षांतच अमेरिकी मोटारींच्या रेडिएटरवर क्रोम झळकू लागला. क्रोमियमचे वैशिष्ट्य असे, की हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा, पारदर्शक आणि घट्ट थर तयार होतो. तो पुढचा ऱ्हास थांबवतो. पितळेला हवा काळे करते. क्रोमियमला तीच हवा कवच देते.

१४/
स्वातंत्र्यानंतरच्या भारतात क्रोम हे सुबत्तेचे चिन्ह झाले. अ‍ॅम्बॅसॅडरचे बंपर, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या कडा, मद्रासच्या बुलेटचा सायलेन्सर, म्हैसूरच्या जावाची टाकी. दसऱ्याला गाडी धुऊन, पुसून, झेंडूचा हार घालून उभी केली, की टाकीच्या क्रोममध्ये घरातील पोरांचे वाकडेतिकडे चेहरे दिसत. चिंच आणि राख अंगणातून हळूहळू मागे पडली. पाण्याने धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा, एवढेच मालकाचे काम उरले.

१५/
घासण्याचे काम संपले, असा याचा अर्थ नव्हता. ते अंगणातून कारखान्यात गेले. सजावटीच्या क्रोमचा थर अवघा पाव ते अर्धा मायक्रॉन जाड असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. इतका पातळ थर खालच्या पृष्ठभागाचा एकही दोष झाकू शकत नाही, उलट तो ठळक करतो. म्हणून क्रोम मारण्याआधी लोखंडी भाग आरशासारखा करावा लागतो. एमरी लावलेली चाके, मग कापडी चाके, त्यांवर मेण आणि भुकटीची वडी. फिरत्या चाकावर बंपर दाबून धरणारा, बफ मारणारा कामगार. त्यावर १० ते २५ मायक्रॉन निकेल आणि शेवटी क्रोम. गाडीवर जी चकाकी दिसते ती बरीचशी बफ मारणाऱ्याच्या हाताची असते. क्रोम ती जपून ठेवतो.

१६/
त्या हाताला मोजावी लागलेली किंमत गाडीवर दिसत नाही. बफच्या चाकावरून धातूची आणि कापडाची धूळ उडते. क्रोमच्या टाकीत क्रोमिक आम्लाचे द्रावण असते. वीज सोडली, की द्रावणातून बुडबुडे उठतात आणि फुटताना आम्लाचा सूक्ष्म तुषार हवेत सोडतात. तो श्वासावाटे नाकात जातो. कातडीवर खोल व्रण पडतात आणि नाकाच्या दोन पुड्यांमधील पडद्याला भोक पडू शकते. हे फार लवकर लक्षात आले होते. फिंक-एल्ड्रिज पद्धतीला दशकही उलटले नव्हते, तेव्हा १९३१ मध्ये ब्रिटनने क्रोम-मुलाम्याच्या कारखान्यांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांत कामगारांचे हात आणि नाक यांच्या नियमित तपासणीची तरतूद होती.

१७/
भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांत, क्रोममुळे होणाऱ्या व्रणांचा समावेश होता. पुढे टाकीतील या संयुगामुळे, म्हणजे षट्संयुजी क्रोमियममुळे, फुप्फुसाचा कर्करोग होतो हेही सिद्ध झाले. युरोपीय संघाने २१ सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर विशेष परवान्याशिवाय बंद केला. त्रिसंयुजी क्रोमियमची, तुलनेने कमी घातक अशी पद्धत आता वाढते आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे: बंपरवर बसलेला क्रोम हा धातू आहे, तो पुसणाऱ्याला अपाय करीत नाही. अपाय होता तो टाकीशी उभे राहणाऱ्याला.

१८/
या इतिहासाकडे सलग पाहिले, की एक सूत्र हाती लागते. टांग्याची चकाकी ठेवणारा आणि तिच्यावर पोट भरणारा बहुधा एकच असे. त्याच्या बोटांना चिंचेचा वास येई, नखांत राख बसे, आणि उतारूला तो समोर दिसे. क्रोमने मालकाचे कष्ट वाचवले, हे खरे. तासन्‌तास राख घासण्यात काही काव्य नव्हते. पण वाचलेले कष्ट हवेत विरले नाहीत. ते मालकाला न दिसणाऱ्या माणसाकडे गेले, आणि जाताना अधिक धोकादायक झाले.

१९/
घोडागाड्यांचे युगही ओसरले. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या, चंदेरी पत्र्यांनी आणि नक्षीने मढवलेल्या, मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करण्यास सांगितले. घोड्यांचे हाल, तबेल्यांची अवस्था हे मुद्दे न्यायालयापुढे होते. बाहेरून झळकणाऱ्या गाडीमागे घोडा कोणत्या स्थितीत राहतो, हा प्रश्न तेथे विचारला गेला. चकाकीच्या मागे पाहण्याची सवय समाजाला उशिरा लागते, पण लागते.

२०/
पितळ आणि क्रोम यांतील शेवटचा फरक त्यांच्या म्हातारपणात दिसतो. क्रोमच्या सूक्ष्म छिद्रांतून ओलावा आत शिरला, की खालचे लोखंड गंजते आणि थर पोपड्यासारखा सुटतो. मग कितीही पुसा, तो परत येत नाही. जुना थर उतरवून भाग पुन्हा टाकीत बुडवावा लागतो. पितळ मात्र पन्नास वर्षे काळे पडून राहिले, तरी चिंचेच्या एका गोळ्याने आणि मूठभर राखेने अर्ध्या तासात उजळते. त्याच्या चकाकीची किल्ली कोणत्याही कारखान्यात नाही. ती घासायला बसणाऱ्याच्या हातात आहे.

२१/
म्हणून टांग्याचा एखादा जुना पितळी दिवा हाती आला, तर इतिहासाच्या अभ्यासकाने तो लगेच लखलखीत करू नये. आधी त्याची झीज पाहावी. नक्षी कोणत्या बाजूला पुसट झाली आहे, कोणत्या कडेवर अंगठा फिरत राहिला, कोणत्या खोबणीत जुनी राख अजून अडकली आहे. राजांची नावे ताम्रपटांवर कोरलेली सापडतात. टांगेवाल्याचे नाव कोठे कोरले गेले नाही. पण तो रोज कोठे घासत होता, हे त्या पितळेवर अजून वाचता येते.